टीडीसाहेबांकडे दिलेलं काम

नंदकुमार पाटणकरांना कुणी काहीही शिकवलेलं चालायचं, पण साहेबांकडून काम कसं करून घ्यायचं हे शिकवलेलं चालत नसे. का चालावं? सातारा जिल्ह्यातल्या एका मतदारसंघात आमदारांचे स्वीय सहाय्यक म्हणून उभी हयात गेली त्यांची. आमदार बदलले, त्यांचे पक्ष बदलले, भिंतीवरच्या तसबिरी तर किती वेळा बदलल्या. बाहेरच्या खोलीतलं टेबल आणि टेबलामागचे पाटणकर तेवढे जागचे हलले नाहीत. अर्ज आला की ते चष्मा लावून वाचायचे, कोपऱ्यात लाल पेनाने दोन अक्षरं ओढायचे आणि म्हणायचे, "साहेबांनी हातात घेतलं. जा आता निवांत. काम झालं समजा." माणूस हात जोडून निघून जायचा. बहुतेक पुन्हा येत नसत.

त्यांची एक आवडती गोष्ट होती, ती त्यांनी पुढे आयर्लंडमधल्या लेटरकेनीला आल्यावरही शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगितली होती. लीलावतीबाई म्हणून एक विधवा होती. तिचा नवरा पाटबंधारे खात्यात नोकरीवर असताना गेला. त्याच्या जागी मुलाला अनुकंपेवर घ्यावं म्हणून ती हेलपाटे घालायची. पाटणकरांनी तिचा अर्ज साहेबांच्या पत्रासकट पुढे धाडला. दुसऱ्या दिवशी ती पिशवीभर भुईमुगाच्या शेंगा घेऊन आली आणि टेबलावर ओतून गेली. "पुन्हा कधी दिसली नाही," अप्पा सांगायचे. घरात त्यांना अप्पाच म्हणत. "काम झालं की माणूस कशाला येतोय!" आणि स्वतःच हसायचे.

तर असे हे अप्पा आयर्लंडला आले, पण हौसेने नाही आले. जावई गेला म्हणून आले.

जावई कुशल लेटरकेनीच्या हॉस्पिटलात डॉक्टर होता. त्या भागात गाडीवाचून पान हलत नाही. फेब्रुवारीतल्या एका सकाळी रात्रपाळी संपवून तो घरी निघाला, आणि रस्त्यावर बर्फाचा न दिसणारा पापुद्रा धरला होता. एका वळणावर गाडी कुंपण तोडून खाली गेली. अप्पांच्या मुलीला, कौमुदीला, हे पोलिसांनी दारात येऊन सांगितलं तेव्हा ती नऊ वर्षांच्या श्रावणीचा डबा भरत होती. तो डबा दोन दिवस ओट्यावर तसाच राहिला.

अप्पांना व्हिसा मिळून ते येईपर्यंत कुशलचा देह शवागारात ठेवला होता. दहनाची सोय गावात नाही, ती दोन-अडीच तासांवर. आदल्या संध्याकाळी त्याला फ्युनरल होममध्ये ठेवलं आणि तिथल्या रिवाजाप्रमाणे लोक रांग लावून भेटायला आले. आणि काय लोक आले हो! कौमुदीने ज्यांना जन्मात पाहिलं नव्हतं ते आले. कुशलचे पेशंट आले, हॉस्पिटलातले हमाल आले, पेट्रोल पंपावरची पोरगी आली. प्रत्येकजण हात हातात घेऊन तेच म्हणत होता, "सॉरी फॉर युअर ट्रबल." अप्पा मुलीशेजारी उभे राहून हात मिळवत होते. रांगेत काळ्या ओव्हरकोटातला एक उंच माणूस होता, केस पावसाने भिजलेले. तोही तेच म्हणाला, श्रावणीपुढे वाकून तिचा हात धरला आणि पुढे सरकला. शेजारच्या ब्रीजने अप्पांच्या कानाशी लागून सांगितलं, "तो इमन बॉयल. आमचा टीडी."

"टीडी म्हणजे काय गं?" अप्पांनी विचारलं.

कौमुदीच्या अंगात तेव्हा बोलायचं त्राणही नव्हतं. "आमदारच समजा, अप्पा," ती म्हणाली.

झालं! अप्पांनी समजून घेतलं. आमदार स्वतः आला. गाड्यांचा ताफा नाही, पुढे मागे कार्यकर्ते नाहीत, चारचौघांसारखा रांगेत भिजत उभा राहिला. आपल्या जावयाच्या मयताला आमदार! अप्पांच्या मनात त्या माणसाने तिथल्या तिथे घर केलं. दुःखाच्या दिवशी दारात आलेल्या माणसाला विसरायचं नसतं, असं ते कौमुदीला दोनदा म्हणाले.

पुढे एकदा श्रावणी आयरिशचा गृहपाठ करत होती, तेव्हा अप्पांनी तिला टीडीचं पूर्ण रूप विचारलं. तिने घशातून खाकरल्यासारखं काहीतरी म्हटलं: त्याख्ता डाला.

"ते तुमच्या आयरिशमध्ये झालं. इंग्रजीत काय म्हणतात?"

"नथिंग, आजोबा. वी जस्ट से टीडी." तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र तिकडच्या हेलात इंग्रजीत यायचं.

अप्पांना नवल वाटलं. इंग्रजी बोलताना, इंग्रजी पेपरात, इंग्रजी पाटीवर, सगळीकडे हा एक शब्द तसाच ठेवतात, त्याला इंग्रजी करत नाहीत. त्यांनी तो आपल्या परीने मराठी करून टाकला आणि मागे एक 'साहेब' जोडला. टीडीसाहेब.

मार्च संपता संपता परदेशी लोकांच्या परवान्यांचं काम पाहणाऱ्या खात्याचं पत्र आलं. कौमुदीला त्या देशात राहायची परवानगी कुशलच्या नोकरीमुळे होती. कुशल नाही, तर ती परवानगीही नाही. राहायचं असेल तर तिने स्वतःच्या नावाने, सगळी कागदपत्रं जोडून, मे महिन्यातल्या अमुक तारखेच्या आत अर्ज करावा, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं.

आणि कौमुदीला राहायचं होतं. तिने तसं बापाला तोंडावर सांगितलं. "नागपूरला मामंजी रोज फोन करतात. म्हणतात, वरची खोली रिकामी करून ठेवली आहे, नातीला घेऊन ये. चांगली माणसं आहेत, मी नाही म्हणत नाही. पण अप्पा, त्या वरच्या खोलीत मी गेले की मी कुशलची बायको म्हणून जन्मभर त्या खोलीतच राहीन. जेवायला खाली बोलावतील तेव्हा खाली येईन. इथे मी फार्मसीत काम करते, सप्टेंबरात माझा कोर्स पुरा होतो. इथे मला कौमुदी म्हणतात."

अप्पांना हे पटलं होतं हं. उगीच त्यांना दोष देऊ नये. पोरीने इथेच राहावं, स्वतःच्या पायावर उभं राहावं, असं त्यांनाही मनापासून वाटत होतं. वाटलं नसतं तर पुढचं सगळं घडलंच नसतं.

कौमुदी अर्जाला बसली. पण अर्ज म्हणजे काय, तर लग्नाचा दाखला काढा, कुशलच्या मृत्यूचा दाखला काढा, त्याच्या नोकरीचे कागद काढा, त्याच्या सहीच्या प्रती जोडा. ती फाइल उघडायची, त्याची सही बघायची आणि उठून बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायची. अर्धा अर्ज भरून झाला आणि तिथेच अडकला.

ब्रीज चहाला आली की विचारायची, झाला का अर्ज? ती म्हणाली, "मी तुला एका वकिलाची वेळ घेऊन देते. बाई चांगली आहे, तुझ्याकडून पुरा करून घेईल. आणि टीडीकडे जाऊन ये. पाचही जणांकडे जा."

"पाच?" अप्पा म्हणाले. "एका मतदारसंघात पाच आमदार?"

ब्रीजने मान हलवली. सगळा जिल्हा मिळून पाचजण निवडून देतात, वेगवेगळ्या पक्षांचे. कुणाला ड्रेनेजचं काम असो की ऑपरेशनची तारीख हवी असो, माणूस पाचांनाही लिहितो.

ती गेल्यावर अप्पांनी तोंड सोडलं. "पाचांकडे! अशाने एक तरी काम होईल का? एकाला कळलं की हा दुसऱ्याच्या दारात जाऊन आलाय, की त्याचा अर्ज गेला तळाला. पाच घरचा पाहुणा उपाशी. अगं, आमच्या ऑफिसात विरोधी गटाकडे जाऊन आलेला माणूस मी नुसत्या चेहऱ्यावरून ओळखायचो! साहेब एकच धरायचा आणि घट्ट धरायचा. आपला साहेब ठरलेला आहे. जो दुःखात दारी आला तो."

टीडीसाहेबांचा दरबार, म्हणजे तिथे ज्याला 'क्लिनिक' म्हणतात तो, दर शनिवारी सकाळी एका हॉटेलच्या मागच्या खोलीत भरायचा. आजारी कुणी नसतं तिथे. गाऱ्हाणी घेऊन आलेले लोक असतात. अप्पा कोट घालून निघाले. बॅगेतून त्यांनी शाल काढली, तीही कुशलच्या वडिलांसाठी आणलेली, पण त्यांना येता न आल्याने नवी कोरी राहिलेली, आणि सुपरमार्केटातून एक सोललेला, बोडका नारळ आणला. कौमुदी म्हणाली, "अप्पा, नका हो. इथे असलं काही नसतं." अप्पा म्हणाले, "आदर सगळीकडे सारखाच असतो."

खोलीबाहेर चार खुर्च्यांवर लोक बसले होते. पाटीवर नाव होतं आणि नावापुढे दोन अक्षरं, टी डी. आत एक टेबल, एक चहाची किटली, आणि कागद सांभाळणारी सेक्रेटरी ग्रॉनिया. अप्पांनी आत शिरताच टीडीसाहेबांच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि वाकून नमस्कार केला. ते उंच गृहस्थ लाल होईतो हसले, शाल अंगावर तशीच ठेवून ग्रॉनियाकडून फोटो काढवून घेतला. "मला नुसतं इमन म्हणा," ते म्हणाले.

"यस, टीडीसाहेब," अप्पा म्हणाले.

कौमुदीने आपलं गाऱ्हाणं सांगितलं. मधे तिचा आवाज फुटला, तेव्हा इमनने किटली पुढे ओढून तिला स्वतः चहा ओतून दिला. तो माणूस वाईट नव्हता. ऐकताना तो घड्याळाकडे पाहत नव्हता. सगळं ऐकून घेतल्यावर त्याने टेबलावर हलकेच तळहात टेकवला आणि म्हणाला, "लीव्ह इट विथ मी."

माझ्यावर सोडा! अप्पांच्या कानांना दुसरं काही ऐकायचंच नव्हतं. जगाच्या त्या टोकाला, परक्या भाषेत, त्यांना आपलंच वाक्य ऐकू आलं होतं. खोलीतून बाहेर पडताना कुशल गेल्यापासून पहिल्यांदा त्यांना वाटलं की आपण इथे येऊन पोरीच्या काही उपयोगी पडलो.

घरी येऊन त्यांनी अर्धा भरलेला अर्ज उचलला आणि कपाटात ठेवून दिला. तिकडे कपाटाला 'प्रेस' म्हणतात. वरच्या फळीवर, ताटांच्या मागे.

"अप्पा, तो मला पाठवायचाय," कौमुदी म्हणाली.

"आता नाही पाठवायचा. साहेबांनी हातात घेतलंय. त्यांचं पत्र वरून जाणार, मंत्र्याला जाणार, आणि तू मागच्या दाराने तुझा कागद धाडणार? म्हणजे आम्हाला तुमचा भरवसा नाही, असंच ना? कारकून काय म्हणेल? इकडून साहेबांचं, तिकडून बाईचं, दोन्ही लावा एकत्र आणि ठेवा बाजूला. मी त्या टेबलावर बसलोय, कौमुदी. मला ठाऊक आहे कागद कसा मरतो ते."

"आणि ब्रीजने घेतलेली वकिलाची वेळ?"

"ती तर आधी रद्द कर."

कौमुदीने वाद घालायला हवा होता. शिकलेली पोर, बारा गावचं पाणी प्यालेली. पण तिला विचारा की त्या दिवसांत रात्री कधी झोप लागली होती का. ती फाइल मिटायला कुणीतरी सांगतंय, तोही बाप, ज्याला लहानपणापासून तिने लोकांची कामं करताना पाहिलंय. तिने मान हलवली आणि वकिलाला निरोप धाडला. त्या रात्री तिला झोप लागली.

आठवड्याभरात टीडीसाहेबांची ईमेल आली. मी आपल्या बाबतीत मंत्र्यांकडे विनंती केली आहे, उत्तर येताच कळवतो. अप्पांनी लायब्ररीत जाऊन ती छापून आणली आणि देवाच्या फोटोपाशी ठेवली. उत्तरादाखल त्यांनी स्वतः टाइप केलं, रिस्पेक्टेड ऑनरेबल टीडीसाहेब, विथ ड्यू रिस्पेक्ट अँड हंबल सबमिशन. फिरायला गेले असताना इमनची गाडी राउंडअबाउटवरून गेली आणि त्याने काचेतून हात केला, तेव्हा अप्पा घरापर्यंत भरभर चालत आले. "ओळखतो तो आपल्याला!" म्हणाले.

आता खरं काय झालं ते सांगायला हवं, कारण अप्पांनी ते बरेच दिवस कुणालाच सांगितलं नाही. एप्रिलच्या शेवटी एका सकाळी कौमुदी अंघोळीला गेली होती आणि तिचा फोन वाजला. अप्पांनी उचलला. पलीकडे ग्रॉनिया होती. तिने विचारलं, "इमनने विनंती केली आहे, पण तिचा स्वतःचा अर्ज गेलाय ना हो? त्याशिवाय ते लोक काही बघू शकत नाहीत."

एका पीएने दुसऱ्या पीएला विचारलं होतं. आणि अप्पांच्या तोंडून, कुणी बटण दाबावं तसं, बाहेर पडलं, "यस यस, मॅडम. एव्हरीथिंग इज डन."

का म्हणाले असतील? तर सवय. बाहेरच्या खोलीत बसलेल्या माणसाने 'अजून झालं नाही' असं कधी म्हणायचंच नसतं. वरून विचारलं की झालं, खालून विचारलं की होतंय. शिवाय त्यांना वाटलं, सेक्रेटरीची ही नुसती रीत आहे. साहेबांनी मनावर घेतल्यावर अर्ज मागाहून जोडता येतो. त्यांच्या ऑफिसात किती अर्ज मागाहून जोडले होते, तारखा मागच्या टाकून! फोन ठेवल्यावर त्यांना एकदा वाटलं की कौमुदीला सांगावं. मग ती ओल्या केसांनी बाहेर आली, कितीतरी दिवसांनी काहीतरी गुणगुणत होती, आणि त्यांनी विषय काढला नाही.

मे महिन्यातली तारीख आली आणि गेली. त्या दिवशी अप्पांनी शिरा केला होता.

जूनच्या सुरुवातीला खात्याचं उत्तर आलं. कौमुदी ते ओट्यापाशी उभी राहून वाचत होती. सदर व्यक्तीकडून मुदतीत कोणताही अर्ज प्राप्त झालेला नाही, सबब परवानगी संपुष्टात आली आहे, देश सोडण्याची व्यवस्था करावी. तिने ते दोनदा वाचलं. मग कपाट उघडलं, ताटं बाजूला केली, अर्धा भरलेला अर्ज बाहेर काढला आणि त्याकडे बघत राहिली. अप्पांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"मी जाऊन येतो," ते म्हणाले. "काहीतरी चूक आहे. मी साहेबांना भेटून येतो."

त्या शनिवारी ते एकटे गेले. शाल नव्हती, नारळ नव्हता, कोटाचं एक बटण चुकीच्या काजात गेलेलं. बाहेरच्या खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांच्या गल्लीतला दिवा बंद होता म्हणून आलेले. बसल्या बसल्या अप्पा त्यांना म्हणाले, आमच्या जावयाच्या मयताला इमन स्वतः आले होते. म्हातारा म्हणाला, "माझ्या बायकोच्याही आला होता. तो सगळ्यांच्याच जातो. न जाऊन करतो काय, मतं हवीत ना!" 

आत गेल्यावर त्यांनी पत्र टेबलावर ठेवलं. इमनने वाचलं, ग्रॉनियाकडे दिलं. ग्रॉनियाने वाचलं आणि अप्पांकडे पाहिलं. "पण मी फोन केला होता," ती हळूच म्हणाली. "तुम्ही म्हणालात, झालंय."

अप्पा खाली मान घालून बसले. मग त्यांनी आपल्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. तुमचा अपमान होईल म्हणून अर्ज धाडला नाही. तुमचा शब्द असताना वेगळा कागद कशाला. म्हणून वकीलही नाही, दुसरे चार टीडीही नाहीत.

इमन बॉयल खुर्चीत पुढे झुकला. "माझा अपमान?" तो म्हणाला. "अहो, अर्धा जिल्हा आम्हा पाचांनाही एकच पत्र लिहितो. मला काय वाटायचंय? मिस्टर पाटणकर, मी कुणाचा साहेब नाही. त्याख्ता म्हणजे धाडलेला माणूस. लोकांचं म्हणणं सभेत नेऊन पोचवणारा. मी निरोप नेतो, विचारतो, उत्तर आणून देतो. उत्तर माझं नसतं. आणि तिच्या नावाचा कागदच तिथे नसेल, तर मी विचारतो ते कशाबद्दल?"

म्हणजे निरोप्या. अप्पांनी हा शब्द मनातल्या मनात उच्चारला. पोरीने आमदार म्हणून सांगितलं, त्यांनी त्याचा साहेब केला, आणि हा माणूस पहिल्यापासून निरोप्या होता. त्याने कधी दुसरं काही असल्याचं सोंगही आणलं नव्हतं.

"आता काही होईल का?" त्यांनी विचारलं.

इमनने पत्राची घडी घातली. त्याच्या चेहऱ्यावर खरोखरच वाईट वाटल्याचं दिसत होतं. तळहात टेबलावर टेकवून तो म्हणाला, "लीव्ह इट विथ मी."

अप्पा उठले. दारातून बाहेर पडताना त्यांना मागे ऐकू आलं, दिवेवाले म्हातारे आत गेले होते आणि इमन त्यांनाही चहा विचारत होता.

इमनने पुन्हा विनंती केली, हे खरं. ब्रीज त्याच वकीलबाईकडे कौमुदीला घेऊन गेली, तीही तळमळीने धावली. अर्ज पुरा झाला, उशीर का झाला त्याचं कारण जोडलं. पण कारण काय लिहिणार? वडिलांना वाटलं की टीडी रागावतील, असं? तेच लिहिलं, दुसरं होतं काय. वरातीमागून घोडं गेलं आणि तसंच परत आलं. निर्णय कायम. इमनने फोन करून स्वतः सांगितलं, दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून. कौमुदीने त्याचे आभार मानले.

ग्रॉनियाच्या फोनचं अप्पांनी, निर्णय कळला त्याच संध्याकाळी, मुलीला सांगितलं. सांगताना हात जोडले होते. त्यांना वाटलं होतं ती ओरडेल, ताट भिरकावेल, निदान रडेल. तिने नुसतं "हं" म्हटलं आणि श्रावणीचे युनिफॉर्म वाळत घालायला बाहेर गेली. युनिफॉर्म आता लागणार नव्हते. तरी तिने ते झटकून, चिमटे लावून नीट वाळत घातले. अप्पा काचेआडून बघत राहिले आणि त्यांना वाटलं, हिने मला दोन थोबाडीत मारल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

जुलैत सामान बांधायला घेतलं. फार्मसीतल्या बायकांनी कौमुदीला एक मग दिला, वर तिचं नाव छापलेलं. श्रावणी आपल्या खोलीत दार लावून बसायची. "आय डोंट वॉन्ट द अपस्टेअर्स रूम," असं एकदाच म्हणाली होती. नागपूरहून फोन आला. मामंजी म्हणाले, खोलीला रंग दिलाय, पंखा नवा बसवलाय, काही म्हणता काही काळजी करू नकोस. कौमुदी "हो" म्हणाली.

फोन ठेवून ती खोक्यावर चिकटपट्टी लावायला बसली. अप्पा समोर बसून खोक्याची झाकणं धरून होते. बाहेर पाऊस होता, कसला पाऊस, तिकडे उन्हाळ्यातही असतो तोच. 

"अप्पा," ती म्हणाली, "ती शेंगावाली बाई. लीलावतीबाई. तिच्या मुलाला नोकरी लागली का?"

"ती परत आली नाही ना," अप्पा सवयीने म्हणाले. "काम झालं की..."

"मी ते नाही विचारलं. लागली का?"

अप्पांनी तोंड उघडलं. त्यांना ते टेबल दिसलं, लाल पेन दिसलं, टेबलावर पसरलेल्या शेंगा दिसल्या. दारातून पाठमोरी जाणारी बाई दिसली. तिच्यामागे आणखी कितीतरी पाठी होत्या, हात जोडून गेलेल्या, कधी परत न आलेल्या. जे आले नाहीत त्यांचं काम झालं, असंच ते आयुष्यभर धरून चालले होते. एकालाही त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"मला माहीत नाही, पोरी," ते म्हणाले.

कौमुदीने मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच अप्पांना बघवत नव्हतं. "तिकडे धरा," ती म्हणाली. अप्पांनी दुसरं झाकण दाबून धरलं, आणि तिने त्यावरून पट्टी ओढली.